शाळेचा समाजसेवा प्रोजेक्ट करायचाय? आधी आपला वाडा फिरून या

दरवर्षी नववी-दहावीची आणि अकरावीची पोरं माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, टीचर कसला प्रोजेक्ट करू? आणि बहुतेकांच्या डोक्यात आधीच तीन गोष्टी ठरलेल्या असतात, बीच साफ करणे, झाडं लावणे नाहीतर प्लास्टिकवर पोस्टर. यात वाईट काहीच नाही, पण ते करून झाल्यावर गावात काय बदललं असं विचारलं की सगळे गप्प होतात. मी गोव्यात फोंड्याकडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते आणि गेली काही वर्षं हे प्रोजेक्ट माझ्याकडेच असतात म्हणून जे खरंच चाललं आणि जे फसलं ते दोन्ही इथे लिहिते.

फसलेल्यापासून सुरू करते. एका वर्षी आम्ही चाळीस मुलं घेऊन किनाऱ्यावर गेलो, तीन तासांत पस्तीस पोती कचरा गोळा केला, फोटो काढले, घरी आलो. पोती कोण उचलणार हे आम्ही कुणालाच आधी विचारलं नव्हतं. चार दिवस ती तिथेच पडून होती, कुत्र्यांनी फाडली आणि अर्धा कचरा परत वाळूत गेला. मुलांना इतकं वाईट वाटलं की दोघी जणी वर्गात रडल्या. तेव्हापासून माझा नियम झाला की काम संपल्यावर ती वस्तू कोण सांभाळणार हे ठरल्याशिवाय सुरुवातच करायची नाही.

तर पहिली पायरी. वही घ्या आणि एका रविवारी सकाळी आपला वाडा, म्हणजे गावातली आपली वस्ती, पायी फिरा. गाडीवरून नाही, पायी. देऊळ, चॅपेल, पसरो म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, पोदेराची म्हणजे पाववाल्याची भट्टी, अंगणवाडी, बसस्टॉप, सगळीकडे पाच मिनिटं थांबा आणि लोकांशी बोला. तुम्हाला काय मदत पाहिजे असं थेट विचारू नका, लोक काही नको बाबा म्हणतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा विचारा की या आठवड्यात कशासाठी हेलपाटे मारावे लागले, आधी होतं आणि आता दिसत नाही असं काय आहे, आणि तुम्हाला येतं पण पुढे कुणाला येणार नाही असं काय आहे. या तीन प्रश्नांवर एका गल्लीत दहा प्रोजेक्ट मिळतात, मी अतिशयोक्ती करत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता प्रोजेक्ट सांगते, माटोळीची नोंदवही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट बांधून रानातली फळं, पानं, फुलं टांगतो ती माटोळी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, पण वर्गात विचारलं की माटोळीत काय काय असतं तर मुलं नारळ, सुपारीची शिपटी, केळी, चिबूड सांगतात आणि थांबतात. कवंडळ ओळखणारी पाच-सहा निघतात, कांगणी आणि घागऱ्यो ओळखणारी एखाद-दुसरी, आणि आटकी म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. ही सगळी माहिती आज फक्त आजी-आजोबांकडे आणि चवथीच्या दोन-तीन दिवस आधी फोंडा, म्हापसा, डिचोली, माशेलच्या बाजारात माटोळीचं सामान घेऊन बसणाऱ्या बायकांकडे आहे. त्या पहाटे रानात जाऊन हे आणतात, कुठल्या डोंगरावर काय मिळतं आणि कुठे मिळायचं बंद झालं हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नाही.

करायचं कसं? चवथीच्या महिनाभर आधी आपापल्या घरच्या माटोळीची यादी करा, आजीला बसवून, एकेक वस्तू. मग माटोळीच्या बाजारात दोन-दोनच्या जोडीने जा. गर्दीच्या वेळी नको, त्यांच्या पोटापाण्याचा वेळ असतो तो, सकाळी लवकर नाहीतर दुपारी जरा शांत झाल्यावर जा, आणि आधी काहीतरी विकत घ्या मग प्रश्न विचारा. प्रत्येक वस्तूसाठी एक पान ठेवा: फोटो (पान, फूल, फळ वेगवेगळं), गावातलं नाव, शेजारच्या गावात वेगळं नाव असेल तर तेही, कुठे उगवतं म्हणजे कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) की डोंगरावर की शेताच्या बांधावर, औषधाला वापरतात का, आणि पूर्वीपेक्षा कमी मिळतं का. शास्त्रीय नाव बायोलॉजीच्या सरांकडून पक्कं करून घ्या, नुसत्या मोबाईल ॲपवर विश्वास ठेवू नका, ॲप चुकतं. आणि कृपा करून कुठलंच रानफळ चाखून बघू नका, माटोळीत टांगतात म्हणजे खातात असं नसतं. कवंडळ दिसायला लालभडक सुंदर असतं पण ते खायचं फळ नाही.

याचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर सांगा, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायत पातळीवर जैवविविधता समिती असते आणि तिने गावातल्या झाडापेडांची, प्राण्यांची, लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवायची असते. तुमची माटोळीची वही त्याला सरळ जोडता येते. म्हणजे काम सांभाळणारं घर आधीच तयार आहे. कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा घेतं, तिथे ज्यांनी शंभरावर वस्तू बांधलेल्या असतात त्यांच्या घरी जाऊन बघा, मुलांचे डोळेच उघडतात. पण एक अट, दुर्मीळ झाडाची अचूक जागा वहीत लिहू नका, नाहीतर पुढच्या चवथीला लोक ते मुळासकट उपटून आणतील.

दुसरा प्रोजेक्ट आवाजाचा. आपल्या गोव्यात देवळाच्या जत्रेला, काल्याला गावच्याच लोकांनी मराठी नाटक बसवायची जुनी रीत आहे, आणि अजूनही चालू आहे. प्रत्येक गावात असा एक तरी म्हातारा माणूस आहे ज्याने तरुणपणी लुगडं नेसून स्त्री पार्ट केलाय, एक तरी पेटीवाला आहे आणि एका तरी घरात पेटाऱ्यात नाटकांच्या हाताने लिहिलेल्या प्रती आहेत ज्यांना वाळवी लागायला आलीय. मंगेशकर, अभिषेकी या गायकांची मुळं मंगेशीची, गायिका मोगूबाई कुर्डीकर सालावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डीच्या, आणि गायिका केसरबाई केरकर आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, ज्यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवला. एवढ्या मोठ्या नावांची नोंद झाली, होतच राहील. पण तुमच्या वाड्यावरच्या पेटीवाल्या आजोबांची नोंद तुम्ही नाही केली तर कुणीच करणार नाही.

यासाठी चांगला मोबाईल आणि कॉलरला लावायचा साधा माईक पुरतो. पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि आधी एकदा नुसतं जाऊन चहा पिऊन या, रेकॉर्डिंग दुसऱ्या भेटीत. तुमच्या काळी कसं होतं असा ढोबळ प्रश्न विचारला की ढोबळच उत्तर येतं. विचारा तालीम कुणाच्या घरी व्हायची, पेट्रोमॅक्स कोण पेटवायचं, साडी कुणाची आणायची, प्रवेश विसरल्यावर काय झालं. मग आजोबा स्वतःच उठून पद म्हणतात, बघाच तुम्ही. सुरुवातीलाच त्यांची परवानगी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा आणि हे कुणाकुणाला ऐकवायचं ते त्यांनाच ठरवू द्या. फाईलला नाव देताना गाव, व्यक्ती, तारीख टाका, नाहीतर सहा महिन्यांनी कुठली कुणाची काही कळत नाही. आणि तासाभराच्या रेकॉर्डिंगचं लिखाण करायला पाच-सहा तास जातात हे आधीच समजून घ्या, म्हणून आठ माणसंच घ्या, पंचवीस नको.

याच पद्धतीने गोवा मुक्तीच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपली त्या दिवसांच्या, आठवणीही नोंदवता येतात. १९ डिसेंबर १९६१ ला जो मुलगा दहा वर्षांचा होता तो आता पंचाहत्तरीला आलाय. रणगाडे, पूल, शाळा बंद, आधी देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर भरणारी मराठी शाळा, हे प्रत्यक्ष बघितलेली माणसं अजून आहेत. ह्या कामाला पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

ज्यांना सायन्स आवडतं त्यांच्यासाठी झरी आणि बांयी, म्हणजे झरे आणि विहिरी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये टँकर येतो, हे कोडं मुलांना सोडवायला द्यायलाच पाहिजे. गावातल्या सगळ्या झरी आणि सार्वजनिक विहिरी नकाशावर मांडा. मग एक झर निवडा आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला त्याच जागी दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. चाळीस सेकंद लागले म्हणजे मिनिटाला पंधरा लिटर, एवढं सोपं गणित. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हा आकडा कसा उतरतो त्याचा ग्राफ काढला की ग्रामसभेत पंच लोकही ऐकून घेतात, आमच्याकडे ऐकलं. पाणी पिण्यालायक आहे की नाही हे तुम्ही ठरवू नका, ते लॅबचं काम. आणि पावसाळ्यात बांयीच्या काठावर, ओहोळात, धबधब्यावर मोठं माणूस बरोबर नसताना जायचं नाही, यात माझ्याकडे कसलीच सूट नाही.

मोबाईल चांगला हाताळता येणाऱ्यांनी महिन्यातून एक रविवार देवळाच्या सभामंडपात नाहीतर पंचायतीच्या हॉलमध्ये मदतीचं टेबल लावावं. गृह आधार, दयानंद सामाजिक सुरक्षा अशा योजनांचे फॉर्म, हयातीचा दाखला, लाईट बिल, यासाठी म्हाताऱ्या माणसांना एका सहीसाठी दोन बस बदलून जावं लागतं. तुम्ही फक्त कागदांची यादी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून लावलीत तरी अर्धे हेलपाटे वाचतात. पण ओटीपी कुणाचाही विचारायचा नाही, पासबुकाचा फोटो आपल्या फोनमध्ये काढायचा नाही, एटीएम कार्डला हात लावायचा नाही. बटण त्यांनी दाबायचं, तुम्ही बाजूला बसून सांगायचं. वेळ जास्त जातो पण पुढच्या महिन्यात त्या काकी स्वतः करतात आणि शेजारणीलाही शिकवतात.

बाकीचे पटापट सांगते. रक्तदान अठरा वर्षांखाली करता येत नाही, पण शिबिराचं आयोजन, नोंदणी, सरबत हे सगळं तुम्ही करू शकता. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग बाजूला राहणाऱ्यांनी कासवांसाठी काम करायचं तर वनखात्याच्या लोकांबरोबरच करा, अंडी किंवा पिल्लं हाताळू नका. पिल्लं उजेडाकडे वळतात म्हणून किनाऱ्यालगतच्या घरांना आणि शॅकवाल्यांना समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवायला पटवणं हेच मोठं काम आहे, आणि ते तुम्हाला जमतं कारण मुलांना लोक नाही म्हणत नाहीत. झाडं लावायची असतील तर पन्नास नको पाच लावा, आणि दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्यांची नावं लिहून ठेवा. बांधकामावर काम करणाऱ्या लोकांच्या मुलांना शाळेत मराठी-कोकणी समजत नाही म्हणून ती मागे बसतात, त्यांच्याबरोबर आठवड्यातून दोनदा अर्धा तास गोष्टी मोठ्याने वाचणं, खर्च शून्य. हा शेवटचा मला फार महत्त्वाचा वाटतो पण त्यासाठी वर्षभर टिकणारी मुलं लागतात. दोन आठवड्यांत सोडून देणार असाल तर सुरूच करू नका, त्या लहान मुलांना ते लागतं.

आता जमवाजमव. ग्रुप पाच-सहा जणांचाच ठेवा, त्यात एक लिहिणारा, एक फोन करणारा, एक हिशेबवाला. मुख्याध्यापकांचं पत्र आणि आईबाबांची सही आधी घ्या, मग पंचायतीत किंवा देवस्थान समितीकडे जा, आणि जाताना एका पानावर लिहून न्या की काय करणार, कधी करणार, तुमच्याकडून काय पाहिजे आणि शेवटी तुमच्या हातात काय देणार. पैसे शक्यतो मागू नका, वस्तू मागा, कुणी झेरॉक्स काढून देतं, कुणी चहा देतं. जानेवारीनंतर परीक्षेचे दिवस येतात म्हणून मोठं काम चवथ ते दिवाळी आणि दिवाळी ते नाताळ या दोन तुकड्यांत बसवा. झरीचं मोजमाप मात्र तेव्हाच सुरू होतं, ते परीक्षा चालू असतानाही कुणीतरी एकाने महिन्यातून एकदा करायचं, आधीच पाळी लावून ठेवा.

रिपोर्ट लिहिताना आम्ही खूप शिकलो, मजा आली असली वाक्यं गाळा. काय केलं, किती लोकांना भेटलो, काय जमलं नाही आणि का, एवढं खरं लिहा, न जमलेल्याचेही मार्क मी देते. तीन प्रती काढा. एक शाळेच्या लायब्ररीत, एक पंचायतीत नाहीतर गावच्या वाचनालयात, आणि एक ज्यांनी माहिती दिली त्यांच्या घरी. गेल्या वर्षीची माटोळीची वही आम्ही बाजारात बसणाऱ्या एका आजीला नेऊन दिली, त्यांना वाचता येत नाही, नातवाने एकेक पान वाचून दाखवलं आणि त्यांनी तिथल्या तिथे दोन नावं दुरुस्त केली आणि राहिलेल्या सात वस्तू सांगितल्या. ती सात पानं यंदाच्या नववीकडे आहेत.