हापूसची थेट विक्री: नव्याने सुरुवात करणाऱ्या बागायतदारांसाठी

रत्नागिरी आणि देवगड भागातील बहुतेक बागायतदारांप्रमाणे आमच्या घरचा आंबाही वर्षानुवर्षे वाशीच्या बाजारात दलालाकडे जात असे आणि पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, हातात पडेपर्यंत पेटीला काय भाव मिळाला हे आम्हाला कळत नसे. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्यानंतर थेट विक्रीकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यात आम्हीही उतरलो. या वाटेने येऊ पाहणाऱ्या तरुण बागायतदारांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, ग्राहकाला आपल्या फळाबद्दल जे नंतर कळणारच आहे, ते पैसे घेण्यापूर्वी आपण स्वतः सांगावे. बाकीची सगळी कौशल्ये यानंतर येतात.

पुण्या-मुंबईचा ग्राहक मुळातच साशंक असतो आणि त्याला तसे कारणही आहे, कारण परराज्यांतून येणारा आंबा रत्नागिरी किंवा देवगडच्या नावाने सर्रास विकला जातो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना लागू आहे. आपण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी आणि पेटीवर गावाचे व बागायतदाराचे नाव, काढणीची तारीख आणि फळांची संख्या स्पष्ट लिहावी. डझनाच्या जोडीला वजनही सांगावे. अडीचशे ग्रॅमच्या फळांची पाच डझनांची पेटी भरली तर आत सुमारे पंधरा किलो आंबा असतो. दोनशे ग्रॅमच्या फळांची तीच पेटी बारा किलोंची होते. दोन विक्रेत्यांच्या दरांत फरक का दिसतो, हे ग्राहकाला या एका आकड्यावरून उमगते आणि घासाघीस बरीच कमी होते.

सर्वाधिक गैरसमज होतो तो फळाच्या तयारीबाबत. चौदा आणे (सोळापैकी चौदा हिस्से) तयार झालेले फळ देठासह काढून पाठवले, तर ते हिरवे आणि टणक असते व पेंढ्यात पिकायला साधारण आठ-दहा दिवस घेते. पेटी उघडताच पिवळाधमक आंबा दिसेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्या माणसाला हे आधी सांगितले नाही, तर त्याला कच्चा माल गळ्यात मारल्यासारखे वाटते. म्हणून पेटी गाडीत चढली की आम्ही प्रत्येकाला पुढील मजकूर पाठवतो: ‘आंबा आज रात्री निघत आहे. फळ हिरवे आहे. पेटी उघडून हवेशीर जागी ठेवावी, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नये. रोज एकदा फळे पाहावीत आणि पिकलेली वेगळी काढावीत. वास सुटून सालीवर किंचित सुरकुती आली की फळ खाण्यास उत्तम.’ अक्षय्य तृतीयेला आंबा हवा असेल, तर मागणी कोणत्या तारखेपर्यंत नोंदवावी हेही याच हिशेबाने ठरवून कळवावे लागते. घाईपोटी फळ लवकर पिकवणाऱ्या कॅल्शियम कार्बाइडचा विचारही करू नये; त्यावर कायद्याने बंदी आहे आणि ते खाणाऱ्याच्या प्रकृतीला घातक आहे.

आता साक्याविषयी, कारण नव्या विक्रेत्याची खरी कसोटी इथेच लागते. साका झालेले फळ बाहेरून निर्दोष दिसते, पण कापल्यावर आतला गर फिकट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. फळ झाडावर अधिक पिकू दिल्यास त्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे काढणी वेळेवर करणे हा मोठा उपाय आहे. तरीही तो पूर्णपणे टळत नाही. कोथरूडच्या एका काकूंचा फोन आला होता, “अहो दादा, आंबा दिसायला इतका सुरेख, आणि कापला तर पांढराफटक!” मी म्हणालो, “काकू, तो साका आहे, बाहेरून आम्हालाही ओळखता येत नाही. अशी किती फळे निघाली तेवढे सांगा, तितक्यांचे पैसे परत करतो.” त्यांनी दोन सांगितली आणि मी तितक्यांचे पैसे लगेच पाठवले. अशा वेळी अनेक विक्रेते फोटो मागतात. मला ते पटत नाही. दोन फळांसाठी ग्राहकाला पुरावा द्यायला लावणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे होय. साक्याचा, वाहतुकीत दबणाऱ्या फळांचा आणि परताव्याचा खर्च पेटीच्या दरात सुरुवातीलाच धरावा, म्हणजे भरपाई देताना हात आखडत नाही.

दराबाबतही हाच मोकळेपणा हवा. मार्चमध्ये आवक थोडी असल्याने भाव चढा असतो आणि मे महिन्यात तो बराच उतरतो. पहिल्या पेट्या घेणाऱ्याला हे आधी सांगितले असेल, तर पुढे स्वस्त आंबा पाहून त्याला फसवल्यासारखे वाटत नाही. उलट काही कुटुंबे देवापुरती एक पेटी लवकर घेतात आणि आमरसासाठीची लहान फळे मे महिन्यात मागवतात. कोणाला मोठे फळ लागते, कोणाकडे लहान मुले आहेत, कोण लेकीकडे पेटी पाठवते, या नोंदी साध्या वहीत ठेवल्या तरी पुरतात. पुढच्या हंगामात त्या वहीइतका उपयोग कोणत्याही जाहिरातीचा होत नाही.

निरोप पाठवण्यासाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप करण्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरावी. ग्रुपमध्ये सर्वांचे क्रमांक एकमेकांना दिसतात, जे अनेकांना आवडत नाही. मात्र ज्यांनी आपला क्रमांक जतन केलेला असतो त्यांनाच ब्रॉडकास्टचा निरोप पोहोचतो, म्हणून पहिल्या व्यवहारातच तशी विनंती करावी.

मेअखेरीस पावसाचे वातावरण झाले की नोंदणी थांबवावी, मग मागणी कितीही असो. पावसानंतरच्या फळात फळमाशीच्या अळ्या आढळण्याची भीती असते आणि असा आंबा घरी गेला तर वर्षभर जोडलेला ग्राहक तुटतो. उरलेला माल कॅनिंगला, म्हणजे डबाबंद रस करणाऱ्यांना, द्यावा. तिथे भाव किलोवर आणि बराच कमी मिळतो, पण तो हिशेब पेटीचा दर ठरवतानाच मांडलेला असावा.