निवारा केंद्रातली रात्रीची मोजदाद: नव्याने येणाऱ्यांसाठी

शहरी बेघरांच्या निवारा केंद्रांत नोंदींच्या कामावर नव्याने रुजू होणाऱ्यांची बहुधा अशी समजूत असते, की रात्री डोकी मोजायची, त्या संख्येला क्षमतेने भागायचे आणि आलेली टक्केवारी महापालिकेला कळवायची. काही वर्षे हेच काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या हिशेबातली खरी गोम अंशात नसून छेदात आहे.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातील निवारा योजनेने २०१३ मध्ये घालून दिलेला निकष स्पष्ट आहे: शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमस्वरूपी सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा. त्यामुळे २,५०० चौरस फुटांच्या केंद्राची क्षमता कागदावर ५० भरते. प्रत्यक्षात मात्र पावसाळ्यात छताचा एक कोपरा गळत असतो, एखाद्या खोलीत भांडार थाटलेले असते आणि महिलांच्या खोलीतील रिकाम्या खाटा पुरुषांच्या काहीच कामाच्या नसतात. म्हणून मंजूर क्षमता आणि त्या रात्री वापरता येण्याजोगी क्षमता हे दोन आकडे वेगळे लिहावेत, आणि दुसरा आकडा महिला, पुरुष व कुटुंबे असा फोडून लिहावा. एवढे केले तरी ‘केंद्र निम्मे रिकामे आहे’ या शेऱ्यातली बरीच हवा निघून जाते.

मोजण्याची वेळ ठरवणे हा पुढचा प्रश्न. काळजीवाहक साधारणपणे जेवणानंतर हजेरी घेऊन नोंदवही मिटतो, पण लग्नसराईत केटररकडे वाढप्याचे काम करणारे मध्यरात्र उलटल्यावर येतात आणि रात्रपाळीचे पहारेकरी सकाळी येऊन झोपतात. केंद्र चोवीस तास उघडे असणे अपेक्षित असल्यामुळे हे पहारेकरीही लाभार्थीच आहेत. तरीही रात्रीच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘दिवसा मुक्काम’ असा स्वतंत्र रकाना आखून घ्यावा. हजेरीची शंका आल्यास धुलाईला गेलेल्या चादरींचा हिशेब पाहावा, कारण सह्या एकाच हाताने करता येतात, चादरी मात्र आपोआप मळत नाहीत. एकच माणूस ‘बाळू’, ‘बाळासाहेब’ आणि ‘बी. के.’ अशा तीन नावांनी नोंदलेला आढळणे हेही नेहमीचेच. त्यावर उपाय म्हणून केंद्राचा स्वतःचा नोंदणी क्रमांक द्यावा. आधार कार्ड नाही म्हणून कोणाला दारातून परत पाठवणे मला सर्वथा अयोग्य वाटते.

ज्यांना परत पाठवले त्यांची नोंद तर बहुतेक नोंदवह्यांत नसतेच. दारू प्यायलेला, सोबतीला कोणी नसलेला आजारी, नवराबायकोची जोडी, हातगाडी बाहेर सोडायला तयार नसलेला हमाल अशांची तारीख, वेळ व कारण लिहिले, तर जागा कोणत्या प्रकारची कमी पडते ते कळते. रिकाम्या खाटांवरून गरज नसल्याचा निष्कर्ष काढणारे अधिकारी भेटतील. स्टेशन किंवा बाजार, म्हणजे जिथे पहाटे काम मिळते, तिथून केंद्र लांब असेल तर माणूस पदपथच पसंत करतो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची गणना झाली आणि देशभरात सुमारे १७.७ लाख लोक नोंदले गेले, तीही अशाच जागा हिंडून. आपणही केंद्राच्या आसपासच्या पदपथांवर त्याच रात्री फेरी मारून तो आकडा हजेरीशेजारी मांडावा.

दिल्लीत नागरी निवारा सुधार मंडळ रैनबसेऱ्यांमधील मुक्कामाचे रोजचे आकडे संकेतस्थळावर देते; नमुना म्हणून ते जरूर पाहावेत. आपल्या मासिक अहवालात मात्र केवळ सरासरी देऊन थांबू नये, कारण सरासरीत थंडीची गर्दी आणि लग्नसराईची ओहोटी एकमेकींना झाकतात. सर्वाधिक गर्दीची रात्र, त्या रात्रीची वापरण्याजोगी क्षमता आणि परत गेलेल्यांची संख्या या तीन गोष्टी पहिल्याच पानावर द्याव्यात.