रविवारी गळ घेऊन निघताना (इंदूरवाल्यांसाठी)

पोहे-जलेबी हाणून बडवाह नाहीतर चोरलकडे निघणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून लिहितोय. आधी कॅलेंडर बघा. 16 जून ते 15 ऑगस्ट मध्य प्रदेशात नदीत, धरणात मासेमारी बंद, पकडले गेलात तर 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. नदी-नाल्याशी संबंध नसलेली छोटी तळी तेवढी यातून सुटतात. कारण साधं आहे, रोहू, कटला, मृगळ पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, आणि रोहूची मादी वजनाच्या किलोमागे साधारण दोन लाख अंडी देते. लहानपणी जुलैत मामाच्या गळाला असा मासा लागला की गाभोळी खायला मिळणार म्हणून आम्ही नाचायचो, आता हिशोब केला की कसंतरीच होतं.

मग पाणी कोणाचं ते विचारा. तलाव, छोटी धरणं बहुतेक मच्छीमार समितीला पट्ट्यावर दिलेली असतात, ते पैसे भरतात, माशांचं बीज सोडतात, त्यावर त्यांचं घर चालतं. आपण मात्र फुकट बसून मोठा मासा ओढणार आणि वर म्हणणार की जाळीवाल्यांनी नदी रिकामी केली! मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीने पिल्लं खरवडणारे आहेत, बारूद टाकणारेही आहेत (बारूद आणि विष तर 1897 च्या कायद्यापासून बंद आहे), त्यांची तक्रार जरूर करा. पण सगळ्या केवटांना, म्हणजे इथल्या मच्छीमारांना, त्यात ओढू नका. परवानगी मागा, चार पैसे मागितले तर द्या.

आता गळ. टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, मासा सोडताना तोंड फाटत नाही. दोरी सतत ताणून ठेवा म्हणजे निसटत पण नाही, माझे तरी फार निसटले नाहीत. सोडायचा मासा ओल्या हातांनीच धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग रोग लागतो. कल्ल्यात बोट घालून फोटो काढायचा नाही, काढायचाच असेल तर मासा पाण्यातच ठेवून. गळ गिळला असेल तर खेचाखेची न करता दोरी तोंडाजवळ कापा. मासा दमला असेल तर तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा, स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत.

महाशीर, म्हणजे इथला बाडस, लागला तर विचारच करू नका, सोडा. 2011 पासून आपल्या राज्याचा मासा आहे तो, रोहूच्या मानाने अंडी फारच कमी देतो, शिवाय त्याला स्वच्छ, गोटे असलेलं वाहतं पाणी लागतं आणि नर्मदेवर धरणं झाल्यावर ते कुठे कुठेच राहिलंय. खायचाच असेल तर मधल्या साइजचा एखादा रोहू घ्या, पोट फुगलेली मोठी मादी परत जाऊ द्या.

आणि तुटलेली तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) खिशात घालून घरी आणा, काठावर पडली की बगळ्यांच्या पायात अडकते.