सुताराला बोलवायच्या आधी काटा करून या

जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली, सीटा काढल्या, आता आत बेड-किचन बसवून कोकणात फिरायला जायचं ठरलंय, तर पहिलं काम प्लायवूड आणायचं नाही. पहिलं काम म्हणजे आरसी काढायची आणि त्यावरचे दोन आकडे वहीत लिहायचे, एक रिकाम्या गाडीचं वजन आणि दुसरं जीव्हीडब्ल्यू, म्हणजे माणसं, सामान, डिझेल, पाणी सगळं धरून जास्तीत जास्त किती ते. दोन्हीची वजाबाकी केली की तुमच्या हातात किती किलो आहेत ते कळतंय. आणि यात माणसं पण आली बरं का, चौघं धरली तर पावणेतीनशे किलो तिथंच गेले. काढलेल्या सीटांचं वजन परत मिळतंय हे खरं, पण ते "असतील शंभर-दीडशे किलो" असं अंदाजपंचे धरू नका, सरळ वजनकाट्यावर जा.

आपल्या कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, दोन्हीकडं एमआयडीसीत काटे आहेत. साखर कारखान्याच्या बाजूच्या काट्यावर मात्र हंगामात जाऊ नका, उसाच्या ट्रॅक्टरमागं उभं राहून दुपार जाईल. काटा असा बघा की जो रस्त्याच्या लेव्हलला आहे, रॅम्प चढून जायचा असला तर अर्धी गाडी उतारावर राहते आणि आकडा फसवतो. काटेवाल्याला आधीच सांगा की दादा तीन वजनं करायचीत, नाहीतर मागच्या ट्रकवाल्याचा हॉर्न सुरू होतोय. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग पुढची चाकं बाहेर काढून फक्त मागची. पुढचं अधिक मागचं मिळून साधारण अख्ख्या गाडीएवढं यायला पाहिजे, लै फरक आला तर परत करा. ट्रकचे काटे बहुतेक १० किंवा २० किलोच्या टप्प्यानं दाखवतात, त्यामुळं तेवढा फरक सोडून द्यायचा. काट्याच्या कडेची जमीन सपाट असली तर गाडी बाजूला घेऊन फक्त डावी चाकं काट्यावर ठेवून अजून एक पावती घ्या, ही पावती कोण घेत नाही आणि खरं दुखणं तिथंच असतंय, त्यावर पुढं येतो.

आता टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, हा व्हीलबेस, आणि मागच्या एक्सलची, म्हणजे दोन्हीकडची चाकं जोडणाऱ्या दांड्याची, रेघ आत फ्लोअरवर खडूनं मारून ठेवा. प्रत्येक जड वस्तू पुढच्या एक्सलपासून किती लांब आहे त्याला व्हीलबेसनं भागलं की तिच्या वजनाचा तेवढा हिस्सा मागच्या एक्सलवर पडतोय, उरलेला पुढं. समजा व्हीलबेस ३३५० मिमी आहे आणि १०० लिटरची पाण्याची टाकी पुढच्या एक्सलपासून २६८० वर बसवली, तर मागं ८० किलो आणि पुढं २० किलो. तीच टाकी जागा मिळाली म्हणून पार मागच्या दाराजवळ, मागच्या एक्सलच्याही ६७० मिमी मागं ठेवली, तर मागच्या एक्सलवर १०० नाही, १२० किलो येतंय, आणि पुढचा एक्सल उलट २० किलोनं हलका होतोय. उसाची बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचलतंय तसला प्रकार. मग स्टेअरिंग हलकं लागतंय, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं धरत नाहीत, आणि लोक म्हणत्यात अलाइनमेंट बिघडलं.

त्यामुळं जड सगळं दोन एक्सलच्या मधे आणि होईल तेवढं खाली, हा एकच नियम लक्षात ठेवून कागदावर आराखडा काढा, किती वेळा खोडावा लागला तरी चालेल. आणि कागदावर विश्वास नसला तर २० लिटरचे पाण्याचे जार आणा, पाच जार म्हणजे शंभर किलोचं किचन, दोन-तीन जार म्हणजे बॅटरी. जिथं कपाट येणार तिथं ते पट्ट्यानं आवळून ठेवा आणि परत काट्यावर जाऊन या. सुताराचं बिल द्यायच्या आधी तुम्हाला तुमची गाडी तयार झाल्यावर कशी बसणार ते दिसतंय, खर्च फक्त काट्याच्या पावत्यांचा.

सुतार आला की तो १८ एमएम शिवाय बोलणारच नाही. आठ बाय चारची १८ एमएमची एक शीट तीस-पस्तीस किलो भरते, १२ एमएमची वीस-पंचवीस. घराच्या वॉर्डरोबला ठीक आहे, गाडीत बेडच्या फ्रेमला पाइप आणि वर १२ एमएम, कपाटांच्या पाठीला त्याहून पातळ, असं ठणकावून सांगा. ग्रॅनाइटचा कट्टा बसवणारी माणसं पण बघितल्यात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूबलर बॅटरी पन्नास-साठ किलोची धूड असते, १०० एएचची लिथियम बारा किलोच्या आसपास, महाग आहे पण वजनाच्या हिशोबात ती परवडतीय. बॅटरी कुठलीही असो, खाली, एक्सलच्या मधे, आणि लोखंडी पट्टीनं चासीला बोल्ट करून.

डावं-उजवं. आपल्याकडं चढायचं दार डाव्या बाजूला, म्हणून किचन, फ्रीज, टाकी, सगळं आपोआप उजव्या भिंतीला जातंय, त्यात ड्रायव्हर पण उजवीकडंच. गाडीखाली वाकून डिझेलची टाकी कुठल्या बाजूला आहे ते पण बघा. एवढं सगळं एकीकडं झालं की गाडी कायमची एका कुशीवर, टायर एका बाजूचे आधी झिजणार आणि कोकणात उतरायच्या करूळ घाटात एका वळणाला गाडी नीट जातीय, उलट्या वळणाला लोळतीय. उपाय सोपा आहे, किचन उजवीकडं तर बॅटरी, हत्यारांची पेटी आणि स्टेपनी डावीकडं, आणि चौथ्या पावतीवर बघायचं की दोन्ही बाजूंत फरक किती राहिला. दाराबाहेर सावलीला ओढायचं कापडी छत, म्हणजे ऑनिंग, डाव्या बाजूलाच लागतं, त्याचं वजन पण धरा.

पाण्याचं अजून एक आहे. टाकी अर्धी असली की पाणी हिंदकळतंय, वळणावर ते बाहेरच्या बाजूला जातंय आणि ब्रेक मारला की पुढं. एका मोठ्या टाकीपेक्षा दोन छोट्या घ्या किंवा आत आडवे पडदे असलेली घ्या. सांडपाण्याची टाकी चांगल्या पाण्याच्या शेजारीच ठेवा, कारण एकातलं कमी होईल तसं दुसरीत भरत जातंय, दोन्ही दोन टोकांना असल्या तर सकाळचा बॅलन्स संध्याकाळी राहत नाही. आणि घरातनं टाकी गच्च भरून निघायची गरज नाही, गगनबावड्यात भरता येतंय, तिथं पाण्याला काय तोटा.

टपावर फक्त सोलर. काचेचा मोठा पॅनेल वीसेक किलोचा असतो, असले दोन चालतील, पण त्यावर कॅरियर, कॅरियरवर स्टेपनी, जेरीकॅन आणि सायकली असं सुरू झालं की गाडीचा तोल वर जातोय आणि वारं लागलं की हायवेला हातात राहत नाही. गॅस सिलिंडर घरातला न्यायचाच नाही, छोटा ५ किलोचा, उभा, बांधलेला, आणि त्याच्या कप्प्याला खालनं बाहेर हवा जायला भोक, गॅस हवेपेक्षा जड असतोय म्हणून खालनं.

एवढं करून मागनं गाडी बसलेली दिसली की उद्यमनगरातल्या गॅरेजवर कोणतरी म्हणणारच, "एक पाटा वाढवून घे की, काय होत नाही." पाटा म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची एक पट्टी. पाटा वाढवला की गाडी उचललेली दिसती हे खरं, पण एक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच, आणि आरसीवरचा आकडा पण तोच. टायरच्या साइडला साइजनंतर लोड इंडेक्स असतोय, १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०८ म्हणजे १०००. मागं जोडचाकं असतील तर टायरवर लिहिलेल्या दोन लोड इंडेक्सपैकी लहान धरायचा. मागच्या सगळ्या टायरांचे किलो मिळवून मागच्या एक्सलच्या पावतीशी ताडून बघा, काठावर असेल तर सामान कमी करा, पाट्याच्या नादाला लागू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: गाडीची रचना बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची परवानगी लागते, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्टँडर्ड आहे, काम काढायच्या आधीच एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूर आरटीओच्या ऑफिसात जाऊन विचारा, नंतर तोडफोड नको. इन्शुरन्सवाल्याला पण लेखी कळवा.

शेवटची तयारी निघायच्या आदल्या आठवड्यात. सगळी माणसं, कपडे, भांडी, तांदूळ, डिझेल, पाणी असं जसं खरं जाणार तसं भरून परत काटा, कारण रिकाम्या कपाटांनी बॅलन्स झालेली गाडी भरल्यावर बदलती. हवा गार टायरमध्येच चेक करायची, दारावरच्या स्टिकरप्रमाणं. मग वाघबीळवरनं पन्हाळ्याला एक चक्कर, चढताना इंजिनचं टेम्परेचर बघा, उतरताना गिअरमध्ये उतरा आणि मागं बसलेल्याला सांगा की कुठला ड्रॉवर उघडतोय, काय खडखडतंय ते लिहून ठेव. खाली आल्यावर चाकांचे नट आणि कपाटांचे बोल्ट परत आवळायचे, नवीन फिटिंग पहिल्या शंभर किलोमीटरात ढिलं होतंच. अंधार पडला की भरलेल्या गाडीचा लाइट भिंतीवर पाडून बघा, मागं वजन वाढलं की लाइट वर उचलला जातोय आणि समोरच्याच्या डोळ्यात जातोय, तो खाली करून घ्यायचा स्क्रू हेडलाइटच्या मागंच असतोय.