जर्मनीत मास्टर्स करायचंय? विद्यापीठ ठरवण्याआधीची तयारी

ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या विंटर सेमिस्टरला जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या दिवाळीलाच कामाला लागा, आणि सुरुवात जागतिक क्रमवारीच्या याद्यांपासून करू नका. जर्मनीत तुमचा अर्ज एका ठरावीक कोर्सचे लोक तपासतात, आणि पदवीत कोणते विषय किती झालेत हे ते आधी बघतात. म्हणून डाडच्या (डीएएडी, परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणारी जर्मन संस्था) संकेतस्थळावर आपला विषय टाकून दहा-बारा कोर्स निवडा आणि प्रत्येकाचं मॉड्यूलहँडबुख, म्हणजे अभ्यासक्रमाची पुस्तिका, डाउनलोड करा. कुठला विषय किती क्रेडिटचा, परीक्षा तोंडी की लेखी, प्रबंधाला किती वेळ, सगळं त्यात असतं. शंभर-दोनशे पानं असली तरी वाचा. नावात डेटा असलेल्या कोर्समध्ये निम्मे विषय मॅनेजमेंटचे निघतात, ते तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही.

मग पात्रतेचे नियम काढा. गणिताचे इतके, मेकॅनिक्सचे इतके ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) हवेत, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. युरोपात एका वर्षाचे ६० ईसीटीएस धरतात, म्हणजे चार वर्षांचे २४०. आपली इंजिनिअरिंगची पदवी साधारण १६० ते १७० क्रेडिटची असते, त्यामुळे आपल्या चार क्रेडिटच्या विषयाचे तिथे ढोबळमानाने सहा होतात. प्रत्येक कोर्ससाठी एक तक्ता करा: डावीकडे त्यांची अट, उजवीकडे आपला विषय आणि सिलॅबसचा पान क्रमांक. एम-वन, एम-टू, एम-थ्री हे गणिताचे पेपर मिळून गणिताची अट भरते का, ते इथेच दिसेल. तीन वर्षांच्या बीएस्सीचे १८०च होतात, म्हणून ती झालेल्यांनी २१० ईसीटीएस मागणारे कोर्स आधीच यादीतून काढावेत.

सीजीपीए जर्मन श्रेणीत बदलून घ्या. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि पासिंगमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणून एक मिळवायचा. ७.२ सीजीपीए असेल आणि पासिंग ४ असेल तर उत्तर येतं २.४. तेच पासिंग ५ धरलं तर जवळपास २.७. कोर्सची मर्यादा २.५ असेल तर या एका आकड्यावर अर्ज आत किंवा बाहेर. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टवर किमान पासिंग ग्रेड स्पष्ट छापलेली आहे का, हे डोळ्यांनी बघा. नसेल तर परीक्षा विभागाकडून ग्रेडिंगचं वेगळं पत्र घ्या. याला वेळ लागतो, म्हणून सगळ्यात आधी हेच मागा.

कागद हातात आले की एपीएसचा अर्ज. एपीएस म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत का ते तपासून प्रमाणपत्र देणारं जर्मन केंद्र. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतं, आणि पुष्कळ विद्यापीठं ते प्रवेश अर्जासोबतच मागतात. उशीर बहुतेकांचा इथेच होतो. शेवटच्या तारखाही कोर्सगणिक वेगळ्या: १५ जुलै सर्रास ऐकू येते, पण युरोपाबाहेरच्यांसाठी कित्येक ठिकाणी मार्चमध्ये किंवा मेअखेरीस खिडकी बंद होते. काही विद्यापीठं अर्ज युनि-असिस्ट या सामायिक अर्ज-सेवेमार्फत घेतात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो जातात. तेव्हा वीस ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा तक्त्यात बसणारे सहा-सात नीट भरा.

पैशांचा हिशेब घरच्यांसोबत बसून करा. सरकारी विद्यापीठांत बहुधा शिक्षण शुल्क नसतं, पण श्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात तिथे युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४-२५ च्या विंटरपासून युरोपाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं आहे. याखेरीज ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा, निघण्याआधी पुन्हा तपासा). कर्ज काढायचं असेल तर ही रक्कम वेळेत मिळेल का, हे बँकेला आधीच विचारा. एजंट फुकट सल्ला देत असेल तर त्याचं कमिशन कोण देतं हे विचारायला लाजू नका. बऱ्याचदा ते खासगी कॉलेज देतं आणि म्हणून तेच सुचवलं जातं.

कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मन आत्तापासून शिका. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटही आहे. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा असते, पण बोलता येत नसेल तर चांगली कामं हातची जातात. बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं निभावण्याच्या मधल्या पातळीपर्यंत, पोचलात तर फार फरक पडतो.

प्रवेशपत्र आलं की त्याच आठवड्यात श्टुडिएरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय बघणारी संस्था) होस्टेलला अर्ज करा. म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षा यादी फार लांब असते. खासगी खोली घेतलीत तर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो द्यायला जो तयार नाही, त्याला आगाऊ भाडं पाठवू नका.