किनार दिली की शिरोरेषेवर उभ्या रेघा का दिसतात?

इंकस्केप या चित्रं-अक्षरं रेखाटायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'गणेशोत्सव' असं ठळक लिहून लाल रंग भरला, पिवळी किनार दिली, की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेत पिवळ्या रेघा उमटतात. मात्रा जिथे चिकटते तिथेही तेच. चूक फॉन्टची नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते, ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. किनार मात्र प्रत्येक तुकड्याला वेगळी लागते.

उपाय सोपा आहे. आधी कंट्रोल-डी दाबून मजकुराची प्रत बाजूला ठेवा, कारण पुढे शुद्धलेखन दुरुस्त करता येणार नाही. मग पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' (यात अक्षरांचे नुसते आकार होतात), नंतर अनग्रुप आणि सगळे तुकडे निवडून 'युनियन'. आता अख्खा शब्द एकसंध आकार झाला. किनार फक्त बाहेरून फिरते.

तरी जाड किनार अक्षराला आतून खाते. 'फिल अँड स्ट्रोक'मधल्या स्ट्रोक स्टाइलमध्ये क्रम बदलून किनार रंगाच्या खाली न्या. मग ६ मिमी किनारीतली ३ मिमीच दिसेल, त्या हिशेबाने जाडी वाढवा. कोपरे गोल ठेवा, नाहीतर मात्रांच्या टोकांना काटे फुटतात. 'ब', 'थ', 'क्ष' यांची पोटं बुजत नाहीत ना, हे मात्र झूम करून बघाच. बुजत असतील तर किनार कमी करा, वाचता येणं आधी.

आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा. शिरोरेषा तुटली की शब्द विस्कटतो. अशा कामाला मला 'बलू' फॉन्ट आवडतो: जाड, गोलसर आणि मोफत.