आई-वडिलांनी मृत्युपत्रातून वगळले असल्यास दाद कशी मागावी

आई किंवा वडिलांच्या मृत्युपत्रात आपले नाव नाही हे कळल्यावर ‘हा अन्याय आहे’ एवढे एकच वाक्य मनात घोळत राहते. ते दुःख खरे आहे आणि त्याची कोणी चेष्टा करू नये. परंतु न्यायालयापुढे केवळ त्या वाक्यावर दावा टिकत नाही. सज्ञान मुलाला काहीही न देण्याचा अधिकार अनेक देशांच्या कायद्यांत मृत्युपत्रकर्त्याला आहे, त्यामुळे तेथे मृत्युपत्र कोणत्या परिस्थितीत झाले यावरच सारा भर द्यावा लागतो.

आपल्याला कोणता कायदा लागू होतो, हे सर्वांत आधी पाहावे. फ्रान्समध्ये मुलांचा हिस्सा राखीव असतो : एकच मूल असल्यास निम्मा, दोन असल्यास दोन-तृतीयांश, तीन किंवा अधिक असल्यास तीन-चतुर्थांश. इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्यानुसार सज्ञान मूलही निर्वाहासाठी वाजवी तरतूद मागू शकते, मात्र प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) मिळाल्यापासून साधारणपणे सहा महिन्यांच्या आत. भारतात हिंदू व्यक्ती स्वकष्टार्जित मालमत्ता कोणालाही देऊ शकते, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतील केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरतेच तिचे मृत्युपत्र चालते. म्हणून कोणती मालमत्ता कशातून आली याची कागदपत्रे काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात सर्वसाधारणपणे वारसांच्या संमतीविना एक-तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही.

त्यानंतर आधीचे मृत्युपत्र आहे का ते शोधावे. ही पायरी अनेकजण विसरतात, आणि ती महागात पडते, कारण शेवटचे मृत्युपत्र रद्द झाल्यावर आधीचे लागू होऊ शकते व त्यातही आपण वगळलेले असलो, तर वर्षानुवर्षे लढून हाती काहीच लागत नाही.

आव्हानाची मुख्य कारणे मोजकीच आहेत : कायद्याने सांगितल्याप्रमाणे सही व साक्ष न होणे (भारतात १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे किमान दोन साक्षीदार लागतात), बनावट सही, फसवणूक, गैरवाजवी दबाव आणि मानसिक क्षमतेचा अभाव. क्षमतेची कसोटी इंग्लंडमधील १८७० च्या एका निकालातून आली आहे. आपण काय करत आहोत, आपली मालमत्ता साधारण किती आहे आणि आपल्यावर कोणाचा हक्क पोहोचतो, हे मृत्युपत्रकर्त्याला कळत होते का, असे ती विचारते. विस्मरणाचा आजार असणे एवढ्याने क्षमता नव्हती असे ठरत नाही. प्रश्न सही केली त्या वेळचा असतो.

म्हणूनच पुरावा त्या दिवसाभोवती गोळा करावा. रुग्णालयातील नोंदींमध्ये परिचारिकेने किती वाजता कोणते औषध दिले, रुग्ण प्रश्नांना उत्तरे देत होता की गुंगीत होता, हे लिहिलेले असते, आणि अशी एक ओळ दहा नातेवाइकांच्या तोंडी साक्षीपेक्षा वजनदार ठरू शकते. वकिलाला कोणी बोलावले, मसुद्याच्या सूचना कोणी दिल्या, सहीच्या वेळी खोलीत कोण होते, मजकूर वाचून दाखवला होता का, याची टिपणे आठवणी ताज्या असतानाच करून ठेवावीत. ज्याला सर्वाधिक लाभ मिळाला, त्यानेच मृत्युपत्र करून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती परिस्थिती संशयास्पद मानली जाते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असे संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकली. मात्र दबावाचा आरोप केला, तर तो आरोप करणाऱ्यालाच सिद्ध करावा लागतो. मृत्युपत्र नोंदणीकृत आहे म्हणून धीर सोडू नये, कारण नोंदणीमुळे ते आव्हानापलीकडे जात नाही.

दरम्यान मृत्युपत्रातून मिळणारी कोणतीही रक्कम किंवा वस्तू वकिलाला विचारल्याशिवाय स्वीकारू नये. लाभ घेतल्यावर त्याच दस्तऐवजाला आव्हान देणे अवघड होते. भावंडांना रागाच्या भरात संदेश पाठवू नयेत, कारण ते पुढे न्यायालयात वाचले जाऊ शकतात. मध्यस्थीचा प्रस्ताव मात्र लेखी आणि लवकर द्यावा, कारण खटल्याचा खर्च अनेकदा वाट्याला येणाऱ्या हिश्श्यालाच गिळून टाकतो.

प्रोबेटचा अर्ज होण्याची शक्यता दिसताच संबंधित न्यायालयात कॅव्हेट (आपल्याला कळवावे अशी आगाऊ लेखी सूचना) दाखल करावे, म्हणजे आपले म्हणणे न ऐकता आदेश होणार नाही. भारतात आपल्याला आवश्यक नोटीस न देताच प्रोबेट दिले गेले असेल, तर ते रद्द करण्याचा अर्ज उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २६३ खाली करता येतो, आणि तो करण्यास विलंब लावू नये.